मुलांना ग्रुपवर बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमे वापरावीत की नाहीत, यावर सतत वाद झडतात. त्यात एक प्रश्न मागे पडतो. शिकवण्यासाठी ही साधने वापरणारे आम्ही शिक्षक तिथे नेमके काय करतो? वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला की गृहपाठाचा फोटो, एखादी पीडीएफ, वेळापत्रकातला बदल आणि त्याखाली ‘ओके सर’, ‘थँक यू मॅडम’ची रांग दिसते. कित्येक ग्रुपवर तर ॲडमिनशिवाय कुणाला लिहिताच येत नाही. मी गणिताची शिक्षिका आहे आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. निरोप पोहोचवणे गरजेचे आहे, पण त्याला अध्यापन म्हणता येणार नाही.

या साधनांची खरी ताकद मुलांनी एकमेकांना विचारण्यात आणि समजावण्यात आहे. अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ + १/३ चे उत्तर २/५ असे लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. शिक्षकाने लगेच लसावि काढून दाखवला की मुले वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच करतात. तेच गणित, कुणाचेही नाव न घालता, ग्रुपवर टाकावे आणि ‘हे उत्तर पटते का? का?’ एवढेच विचारावे. मग कुणीतरी लिहिते, ‘२/५ तर अर्ध्याहून कमी आहे, अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर कमी कसे झाले?’ दुसरे कुणी वर्तुळाचे भाग रंगवून फोटो पाठवते. तुकडे सारख्या आकाराचे नाहीत, म्हणून ते सरळ मोजता येत नाहीत, हे मुलांच्याच तोंडून येते. ५/६ पर्यंत ती पोहोचतात तेव्हा छेद समान का करायचे, हे त्यांना कळलेले असते. वर्गात पहिला हात वर करणाऱ्याला संधी मिळते. इथे सावकाश विचार करणाऱ्या, बोलायला बुजणाऱ्या मुलालाही वेळ मिळतो. शिक्षकाचे काम मात्र इथे अवघड आहे. उत्तर ठाऊक असूनही त्याने थांबायचे असते.

मोठ्यांनीही अशा रीतीने काम केलेले आहे. २००९ साली टिमथी गॉवर्स या गणितज्ञाने एक न सुटलेला प्रश्न आपल्या ब्लॉगवर सर्वांसाठी खुला केला. अर्धवट सुचलेले, चुकण्याची शक्यता असलेलेही मांडा, एकट्याने फार दूर जाऊ नका, अशी रीत ठरली. गणितातले अत्यंत मानाचे फील्ड्स पदक मिळवलेल्या टेरेन्स टाओंपासून शाळेतल्या शिक्षकापर्यंत अनेकांनी भर घातली आणि काही आठवड्यांत वाट सापडली. ‘पॉलिमॅथ’ नावाने तो प्रकल्प ओळखला जातो. त्यातला प्रश्न आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण अर्धवट विचार निर्धास्तपणे मांडण्याची सवय सहावीच्या वर्गालाही लावता येते.

साधन निवडतानाही विचार हवा. व्हॉट्सॲपवर संभाषण पुढे सरकत राहते. सकाळचा प्रश्न संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो. प्रत्येक प्रश्नाची चर्चा वेगळी राहील असे व्यासपीठ अभ्यासाला अधिक सोयीचे. शिवाय ग्रुपमध्ये साऱ्यांना एकमेकांचे मोबाईल नंबर दिसतात, हे मुलींच्या पालकांना खटकते आणि ते रास्तच आहे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षे वय लागते. गृहपाठासाठी त्याहून लहान मुलांना खोटे वय टाकायला लावणाऱ्या शाळेने त्यांना काय शिकवले? आणि अशा व्यासपीठावर जे जमवले त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. २००८ मध्ये सुरू झालेले, जगभरच्या शिक्षकांनी वापरलेले ‘एडमोडो’ हे वर्गासाठीचे ऑनलाइन व्यासपीठ २०२२ मध्ये बंद झाले.

ज्यांच्या घरी स्वतंत्र फोन नाही, ती मुले या चर्चेबाहेर राहता कामा नयेत. म्हणून ग्रुपवर गुण देऊ नयेत आणि तिथले चांगले प्रश्न दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यावेत, जेणेकरून त्यांनाही भर घालता येईल. रात्री उशिरा उत्तरे देण्याची सक्ती शिक्षकांवर नसावी. वेळ ठरलेली असावी आणि ती पालकांनीही पाळावी.

शाळांना आणि शिक्षण खात्यांना माझी एकच विनंती आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ॲप डाउनलोड कसे करावे, लिंक कशी पाठवावी, यात अख्खा दिवस जातो. त्यातला निम्मा वेळ तरी चर्चा कशी चालवावी यासाठी द्या: ज्याला एकाहून अधिक प्रकारे भिडता येईल असा प्रश्न कसा घडवायचा, चुकीच्या उत्तरावर मुले हसू लागली तर काय लिहायचे, दोनच मुले बोलत असतील तर बाकीच्यांना कसे आत आणायचे, आणि आपण कधी गप्प राहायचे.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका