हरारेतल्या अनोळखी हातांचे आभार

आमच्यासारख्या उतारवयात सेवेला आलेल्या मिशनरी जोडप्यांचा झिम्बाब्वेची राजधानी हरारेतला दिवस ज्यांच्या जिवावर चालतो, त्यांतल्या बहुतेकांची नावंही कळत नाहीत. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत आधी इस्त्री करणाऱ्या बायकांचे. पुत्सी माशी वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. अळी कातडीत शिरली की ठणकणारं गळू येतं. म्हणून चादरी, मोजे, आतले कपडेसुद्धा उलटसुलट करून कडक इस्त्री होतात. शिवणीवर आणि इलॅस्टिकवर इस्त्री जास्त वेळ दाबून धरावी लागते, कारण अंडी तिथेच वाचतात. एवढी काळजी सख्खी माणसंच घेतात.

दुकानातल्या मुलांचेही. प्रीपेड वीजमीटर पुढेही चालू राहावा म्हणून नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकदा त्यात २०-२० आकड्यांचे दोन कोड ओळीने भरायचे होते, त्यानंतर विकत घेतलेल्या विजेचा तिसरा. त्यांनी ते चार-चार आकड्यांचे गट पाडून, मोठ्या अक्षरात लिहून दिले.

बोअरवेलवर २० लिटरचा कॅन उचलून देणाऱ्यांनो, तुमचेही.

इथल्या शोना भाषेत ‘ततेंदा’ (आम्ही आभारी आहोत) म्हणताना पुरुष तळवे सपाट ठेवून टाळी वाजवतात, बायका पोकळ करून. आमच्या दोघांची तशी टाळी तुम्हाला.