शनिवारी ‘मूनलायटिंग’: वेळेवर या
सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये ‘मूनलायटिंग’चे दोन भाग बघायचे आहेत. १९८५ ते १९८९ या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर गाजलेली ही मालिका. मॅडी (सिबिल शेफर्ड) आणि डेव्हिड (ब्रूस विलिस) लॉस एंजेलिसमध्ये ‘ब्लू मून’ ही डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतात. तपास निमित्तमात्र, खरी गंमत दोघांच्या भांडणात. एकाच वेळी बोलतात, धाडधाड दारं आपटतात, मध्येच कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशीच बोलतात. शिवाय फोनवर यमकं जुळवत बोलणारी एजन्सीची रिसेप्शनिस्ट मिस डिपेस्टो! माझी सगळ्यात लाडकी तीच.

शनिवारच्या दोनपैकी पहिला भाग १९८५ चा, बराचसा कृष्णधवल. एकाच जुन्या खुनाची गोष्ट आधी मॅडीच्या स्वप्नात, मग डेव्हिडच्या. सुरुवातीचं निवेदन ‘सिटिझन केन’ या चित्रपटाचे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचं आहे. हा भाग दाखवला गेला त्याच्या पाचच दिवस आधी ते गेले, त्यामुळे ती पहिली दोन मिनिटं चुकवू नका. दुसरा भाग शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वर बेतलेला.

संवाद फार वेगवान आहेत, सबटायटल्स लावू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, म्हणजे चहाचा अंदाज येईल.