लघुतम प्रोग्राम : उत्तर पाठवण्याआधी एवढं वाचा

सदस्यहो,

आपल्या खेळात कोडं सोडवणारा सगळ्यात कमी बाइटचा (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचं माप) प्रोग्राम जिंकतो. मागच्या कोड्याची बरीच उत्तरं बाइट चुकीचे मोजल्यामुळे परत पाठवावी लागली, म्हणून ही आठवण.

आपण अक्षरं नाही, बाइट मोजतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी 'क'ला ३ आणि 'की'ला ६, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. नवी ओळ म्हणजे १ बाइट. विंडोजवर साठवलेल्या फाइलीत मात्र बहुतेकदा २ होतात, तेव्हा आधी ते तपासा. जेलीसारख्या खास याच खेळासाठी बनवलेल्या भाषेची स्वतःची २५६ चिन्हांची सारणी असते, तिथे प्रत्येक चिन्ह १ बाइटच धरू. अशा भाषेची पायथनसारख्या नेहमीच्या भाषेशी तुलना नको. प्रत्येक भाषेचा विजेता वेगळा.

भाषेसोबत आवृत्तीही लिहा. पायथन २ मध्ये 'प्रिंट' या मजकूर दाखवण्याच्या आज्ञेला कंस लागत नाहीत, ३ मध्ये लागतात, आणि इथे भांडणं एका बाइटवरूनच होतात!

इंटरनेटवरून उत्तर ओढून आणणारा प्रोग्राम बाद. (हो, आला होता एक.)

उत्तराखाली युक्ती दोन ओळींत समजावून सांगा. उदाहरणार्थ, पायथनमध्ये मजकुराला अटीनेच गुणलं की अट खरी असल्यास मजकूर मिळतो, खोटी असल्यास काहीच नाही. 'इफ' लिहावंच लागत नाही. मला तर आकड्यापेक्षा हेच वाचायला जास्त आवडतं.

मुदत रविवारी रात्री ११ पर्यंत. नंतर बाइट कमी केलेत तर जुना आकडा पुसू नका, त्यावर काट मारून शेजारी नवा लिहा.