सुध्या, अण्णांच्या मुंग्यांचं काय करू?

प्रिय सुध्या,

सात-आठ महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही दिलं, रागावू नकोस. तब्येती बऱ्या आहेत, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आईचे गुडघे आहेत तसेच. लिहायचं कारण वेगळंच आहे आणि ते तुलाच कळणार.

गल्लीत सप्ताह बसला होता. शेवटच्या दिवशी बाहेरून आलेला एक वक्ता म्हणाला, बिग बँग, म्हणजे महास्फोटातून विश्व सुरू झालं ते, वेदात आधीच लिहिलंय, नासदीय सूक्त हा त्याचा पुरावा. टाळ्या पडल्या. अण्णा पण वाजवालते. आणि मी, देव मानणारा, राजहंसगडावर तुझ्याशी देवावरून भांडून दोन महिने अबोला धरणारा, मला असा संताप आला की उठून निघून जावंसं वाटलं! ते सूक्त वाचलंय रे मी. शेवटी काय म्हटलंय, तर ही सृष्टी कुठून आली ते वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. एवढं प्रामाणिक बोलणाऱ्याला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करायचं?

तुझा तो लमेत्र आठवला. बेल्जियमचा पाद्री, 1927 लाच विश्व पसरतंय म्हणून लिहिलं, 1931 ला म्हणाला सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं, आणि 1951 मध्ये पोपनी विज्ञानच निर्मात्याची साक्ष देतंय असं भाषण केलं तर हाच नाराज झाला. तेव्हा मी म्हटलं होतं, पाद्री असून असा कसा. आता पटतंय, देव मानणाऱ्यालाच हे खुपणार, उद्या थिअरी बदलली तर देवाला पण बदलायचं का? कोल्हापुरात जन्मलेल्या आपल्या नारळीकरांनी तर बिग बँगला शेवटपर्यंत हरकत घेतली. ते गेले त्या दिवशी तुला फोन करायचा होता, राहिला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. रात्री अंगणात अण्णांनी विचारलं, "त्या स्फोटाच्या आधी काय होतं रे?" मी रंगात आलो. म्हटलं फटाक्यासारखा स्फोट नव्हे अण्णा, जागाच पसरत गेली, 1380 कोटी वर्षांपूर्वी. 1964 ला अमेरिकेत दोघा शास्त्रज्ञांच्या अँटेनात खरखर थांबेना, कबुतरांची शीट समजून ती पण पुसून काढली त्यांनी, तरी खरखर तशीच, ती त्या सुरुवातीच्या काळातली धग होती, आता निवून उणे 270 अंशांवर आलीय. आपल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यात शंभरात एखादी तिकडची. आधी काय होतं ते मात्र कुणालाच माहीत नाही.

अण्णा बराच वेळ चष्म्याची काडी चोळत बसले. मग म्हणाले, "आणि पांडुरंग?"

मला उत्तर सुचलं नाही सुध्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हरिपाठ ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. चाळीस वर्षं वारी केलेला माणूस, मी त्यांचं काय काढून घेतलं? त्या वक्त्यावर चिडलो आणि स्वतः काय केलं? सूक्त वाचून पण माझा देव जागेवर आहे, पण ते सांगायला शब्द नाहीत माझ्याकडं. तू भांडायचास, पण अण्णांपुढं कधी नाही, टाळ हातात घेऊन बसायचास.

नोकरी बदललीस कळलं, बरं झालं. वहिनींना आणि पिंकीला सांग, कुंदा ठेवलाय.

काल संध्याकाळी अण्णांनी हळूच विचारलं, "त्या मुंग्या अजून दिसत्यात काय रे?" टीव्ही माळ्यावरून खाली काढलाय, चालू होईना, बहुतेक आतली वायर उंदरांनी खाल्लीय. तू सोल्डरिंग घेऊन ये, दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

तुझा,
बाळ्या