सुनक यांचा पराभव, एवढीच बातमी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील 4 मे 2023 च्या स्थानिक निवडणुकांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वाचल्या. बहुतेक मथळे एकाच वळणाचे होते: तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना धक्का, त्यांच्या हुजूर पक्षाची पीछेहाट, सत्तांतराची चाहूल. हुजूर पक्षाने हजाराहून जास्त जागा गमावल्या हे खरेच आहे आणि ती मोठी बातमी आहे. पण 230 कौन्सिलांमधल्या आठ हजारांवर जागांचा निकाल एकट्या पंतप्रधानांच्या खात्यावर मांडला, की लोकांनी मते कशासाठी दिली हा प्रश्नच बातमीतून गळून पडतो. मी सफोक परगण्यात राहते. आमच्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल याच निवडणुकीतला. त्यावर मराठीत मला एक ओळही सापडली नाही, म्हणून हे पत्र.

मिड सफोकमध्ये 34 पैकी 24 जागा पर्यावरणवादी ग्रीन पक्षाने जिंकल्या. हुजूर पक्षाला 6 मिळाल्या, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 4, मजूर पक्षाला एकही नाही. 2019 मध्ये याच कौन्सिलात हुजूर पक्षाचे 16 आणि ग्रीनचे 12 सदस्य होते. ब्रिटनमधल्या एखाद्या कौन्सिलात ग्रीन पक्षाला स्वबळावर स्पष्ट बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. आणि हा काही विद्यापीठाचा, तरुणांचा, कॅफे-संस्कृतीचा भाग नव्हे. स्टोमार्केट, नीडम मार्केट आणि आय ही तीन लहान गावे, बाकी सगळी शेती आणि खेडी. लोकसंख्या लाखाच्या आसपास. 2023 पर्यंत हुजूर पक्षाचे खासदार वर्षानुवर्षे सहज निवडून देत आलेला हा मुलूख.

त्याच दिवशी ब्रायटनमध्ये काय झाले पाहा. ग्रीन पक्षाचा तेव्हाचा एकमेव खासदार ज्या शहरातून निवडून आला होता, ते हे शहर. तिथले कौन्सिलही ग्रीन पक्षच चालवत होता. तिथे तो 54 पैकी 7 जागांवर आला आणि मजूर पक्षाने 38 जागा घेतल्या. कचरा वेळेवर उचलला जात नाही, सार्वजनिक स्वच्छतागृहे बंद पडतात, अशा तक्रारी तिथे बरेच दिवस चालल्या होत्या. लेस्टरमध्ये तर सुनक यांच्याच पक्षाच्या जागा शून्यावरून 17 वर गेल्या, कारण मजूर पक्षाने तिथे आपल्या अनेक विद्यमान कौन्सिलरांना तिकीट नाकारले होते आणि त्यावरून शहरात मोठी नाराजी होती. ‘सुनक हरले’ या मथळ्याखाली हे दोन्ही निकाल कसे बसवणार?

डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे काम काय, हे कळले तर निकालही कळतो. परगण्याचे कौंटी कौन्सिल शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची व अपंगांची काळजी हे सगळे पाहते. गावागावांत पॅरिश कौन्सिले असतात. मधल्या पातळीवरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे घरोघरचा कचरा, बांधकाम परवाने, बेघरांची सोय, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची तपासणी आणि कौन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, वसुली. आपल्या ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या उतरंडीशी हे बरेच जुळते. यातले बांधकाम परवाने हा आमच्याकडचा सर्वांत नाजूक विषय. गावाच्या कडेचे शेत बघता बघता घरांच्या वसाहतीखाली जाते. डॉक्टरचा दवाखाना मात्र तोच, गल्लीही तेवढीच अरुंद.

ग्रीन पक्षाची एक कार्यकर्ती भर हिवाळ्यात आमच्या दारी आली होती. उमेदवारी अर्ज भरायला अजून अवकाश होता. तिने जागतिक तापमानवाढीचे नावही काढले नाही. आमच्या रस्त्याचा फूटपाथ वळणावर अचानक संपतो आणि बाबागाडी घेऊन गाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागते, हे मी सांगितले. फूटपाथ कौंटी कौन्सिलच्या अखत्यारीत येतो हे तिने लगेच स्पष्ट केले, तरी वहीत लिहून घेतले. पुढच्या पत्रकात त्या वळणाचा फोटो होता आणि कौंटीकडून आलेले उत्तर जसेच्या तसे छापलेले होते. उत्तर नकाराचेच होते. पण विचारले कोणी, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना कळले. एकेक वॉर्ड असा बांधत या पक्षाने आधी 12 आणि मग 24 जागा मिळवल्या. याला लाट म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

सगळीच मते पर्यावरणाची होती असाही माझा दावा नाही. नॉर्विच ते टिलबरी अशी सुमारे 180 किलोमीटरची उच्चदाब वीजवाहिनी आमच्या शेतांवरून उंच मनोऱ्यांवर नेण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये आला, तेव्हापासून गावोगावी विरोधाचे फलक लागले आहेत. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणायला वाहिनी हवीच. मला हा विरोध पूर्णपणे पटत नाही. शिवाय त्यावरचा अंतिम निर्णय डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हाती नाही, तो केंद्र सरकारचा. नव्या सत्ताधाऱ्यांना हा पेच लवकरच अडचणीत आणणार आहे, आणि त्याचा जाब त्यांना द्यावाच लागेल.

पैशाचा भाग मात्र आपल्याकडच्या प्रत्येक इच्छुकाने वाचावा असा आहे. इथे स्थानिक निवडणुकीला अनामत रक्कम नाही. 2023 च्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 806 पौंड आणि वर मतदारामागे 7 पेन्स होती. लहान वॉर्डात सगळा हिशेब हजार पौंडांच्या आत-बाहेर राहत असे. त्यात पत्रके छापायची आणि ती स्वतः दारोदार टाकायची. निवडून आल्यावर पगार नाही, ठरावीक भत्ता मिळतो.

2023 मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत मतदान केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र प्रथमच सक्तीचे झाले. त्याबद्दल मला मनापासून चीड आहे. ओळखपत्र मागण्यात आपल्याला काही वावगे वाटणार नाही. पण भारतात मतदार ओळखपत्र घरोघरी पोचवायची जबाबदारी आयोगाने घेतली आणि नसल्यास चालणाऱ्या कागदांची यादीही लांबलचक ठेवली. इथे ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचे सवलतीचे रेल्वे कार्ड चालत नाही. ओळखपत्र नसलेल्यांना मोफत प्रमाणपत्र मिळते खरे, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. आमच्या गावच्या हॉलमध्ये माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलीला दारातूनच परत जावे लागले.

मला मात्र भारतीय पासपोर्टवर मतपत्रिका मिळाली, आणि हेच इथल्या मराठी माणसांना मुद्दाम सांगायचे आहे. राष्ट्रकुल देशांचे नागरिक, मग ते नोकरीच्या व्हिसावर असोत की शिक्षणाच्या, इथे कायदेशीर राहत असतील तर स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतात, संसदेच्याही. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. तरीही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत विचारले तर ‘आपल्याला कुठे मत असते?’ असेच उत्तर येते. कौन्सिल टॅक्स आपण दरमहा भरतो. घराला खोली वाढवायची तर परवाना तिथूनच काढतो. मतदारनोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवावा.

हे लिहिताना मुंबई-पुण्याची आठवण टाळता येत नाही. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालू होते आणि मे 2023 मध्ये, वर्ष उलटले तरी, कारभार प्रशासकाकडेच होता. माझी आई पुण्यात राहते. तिच्या गल्लीत पाणी आले नाही तर तेव्हा ती कोणाकडे जाणार होती? क्षेत्रीय कार्यालयातला अधिकारी तिला ओळखत नव्हता आणि तिच्या मतावर त्याचे काही अडत नव्हते. लंडनच्या सत्तांतराची भाकिते छापताना, आपल्याकडे तेव्हा निवडणुकाच होत नव्हत्या याकडेही आपल्या वृत्तपत्राने तितक्याच ठळकपणे लक्ष वेधायला हवे होते.

 मिड सफोकच्या नव्या कौन्सिलने किती परवाने दिले, परवडणारी घरे किती बांधून घेतली, कचऱ्याचे काय केले, यावर कधी तरी सविस्तर बातमी द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
स्टोमार्केट, सफोक (इंग्लंड)