सशाला जागा मिळते, पण त्याच्या लेंड्या कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पाळीव प्राण्यांच्या सोयीबद्दल बरेच छापून येते. त्यात कुत्री-मांजरे असतात आणि ससा 'इतर लहान प्राणी' या तीन शब्दांत आटोपतो. प्राण्यांची बोर्डिंग चालवणारेही बहुधा तसेच करतात: पिंजरा रिकामा आहे ना, मग आणा. पण सशाला कुत्र्याचे नियम लावून चालत नाही. नव्या जागी कुत्रा एक दिवस जेवला नाही तर 'रुळेल हळूहळू' म्हणून थांबता येते. सशाच्या बाबतीत तसे थांबणे जिवावर बेतू शकते.

सशाचे आतडे सतत हलते राहावे लागते, आणि वाळलेल्या गवतातले लांब तंतू ते हलते ठेवतात. घाबरून, उकाड्याने किंवा खाणे बदलल्यामुळे ससा खायचा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते आणि दुखते म्हणून तो आणखीच खात नाही. पशुवैद्य याला जीआय स्टॅसिस म्हणतात. दहा-बारा तासांत खाणे नाही किंवा लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायला हवे. अडचण अशी की ससा हा शिकार होणारा प्राणी, तो दुखणे लपवतो. अंग आक्रसून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसलेला ससा अनोळखी माणसाला 'शांत, गुणी' वाटतो. तो करकरा दात खात असेल तर बहुधा वेदनेनेच.

म्हणून जागा बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: ससा खातोय हे तुम्हाला कसे कळते? 'ट्रे सकाळ-संध्याकाळ पूर्ण रिकामा करतो, म्हणजे मधल्या वेळात पडलेल्या लेंड्या दिसतात. गवत किती संपले ते लिहून ठेवतो,' असे उत्तर आले तर पुढे बोलावे. 'आमच्याकडे मुले त्याला दिवसभर मांडीवर घेऊन बसतात' असे कौतुकाने सांगितले गेले, तर दुसरी जागा शोधलेली बरी. चांगल्या लेंड्या गोल, कोरड्या, साधारण एकसारख्या आकाराच्या असतात आणि दाबल्यावर आत गवताचा भुगा दिसतो. त्या बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या किंवा संख्येने एकदम कमी झाल्या तर ती पहिली सूचना. मऊ, चकचकीत लेंड्यांचे घड वेगळे. ते ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो आणि त्यात काही गैर नाही. ते न खाता पडून राहू लागले तर बहुतेक वेळा पेलेट (तयार दाणेदार खाद्य) किंवा गोड खाऊ जास्त होतोय. लघवी लालसर दिसली की नवखे लोक घाबरतात. तो रंग पुष्कळदा निरुपद्रवी असतो. कुंथत असेल किंवा लघवी घट्ट, रेतीसारखी येत असेल तर मात्र दाखवावे.

खरे तर सशाला हलवू नये हे उत्तम. ओळखीच्या माणसाने घरी येऊन सकाळी आणि तिन्हीसांजेला, म्हणजे तो सर्वांत चपळ असतो त्या वेळी, तासभर बसावे. एकदाच येऊन दोन दिवसांचे खाणे-पाणी भरून जाणारा मदतनीस उपयोगाचा नाही. भांडे पहिल्याच तासात उलटू शकते.

बोर्डिंगच निवडायचे झाले तर कुत्र्या-मांजरांचा आवाज आणि वास पोचणार नाही अशी स्वतंत्र खोली हवी. हा लाड समजू नये, त्या वासानेही ससा खाणे सोडतो. तळ सपाट आणि भरीव असावा. जाळीच्या तळावर पायांना जखमा होतात. ससा पूर्ण लांब होऊन पडू शकेल, तीन-चार उड्या मारू शकेल, कान ताठ ठेवून मागच्या पायांवर उभा राहू शकेल एवढी जागा आणि लपायला दोन तोंडांचे खोके. तापमानाविषयी स्पष्ट विचारावे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. २८-३० अंशांच्या पुढे उष्माघाताची भीती असते. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवता येते. ससा पाण्यात बुडवणे हा मात्र उपचार नव्हे, त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. याच कारणाने 'जाताना आंघोळ घालून देतो' ही सेवाही नाकारावी.

दुसऱ्या सशांशी 'ओळख' करून देऊ नका, असे लिहूनच द्यावे. अनोळखी ससे जबर भांडतात. नसबंदी झालेली नसेल तर काही सेकंदांचा संबंध पुरतो आणि महिनाभरात पिल्ले होतात. नसबंदीनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम असतो. संसर्गाचाही प्रश्न आहेच: सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू भांड्यांवर, पिंजऱ्यावर बराच काळ टिकतो. लस मिळत असेल तर किती दिवस आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे. घरात जोडी असेल तर दोघांना एकत्रच पाठवावे. एकट्याला पाठवले तर परतल्यावर जोडीदार त्याला परका समजून हल्ला करू शकतो.

खाणे घरूनच द्यावे. गवत रोज सशाच्या अंगाएवढा ढीग या हिशेबाने, आणि प्रवास लांबला तर म्हणून दीडपट. पूर्ण वाढ झालेल्या सशाला पेलेट दर किलो वजनामागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम. दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून वर वार लिहावा, म्हणजे 'थोडे आणखी देऊ या' हा मोह टळतो. पालेभाज्या रोजच्याच, नवी एकही नको. खाणे बदलायला एरवीही सात ते दहा दिवस लागतात, मग परक्या घरी ते करायचे कशाला? दोन किलोचा ससा दिवसाला १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पिऊ शकतो. बाटलीची सवय असली तरी सोबत जड भांडेही द्यावे, कारण बाटलीच्या नळीतली गोळी अडकते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रेमध्ये कागदी लगदा चालतो. ओले झाल्यावर गोळा होणारी मांजरांची माती आणि देवदाराचा सुवासिक भुसा नको. न धुतलेले अंथरूण आणि ट्रेमधला मूठभर जुना कागद बरोबर दिला की नव्या जागेला त्याचा स्वतःचा वास लागतो.

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून, सही करून द्याव्यात: आजचे वजन, औषधे आणि त्यांच्या वेळा, सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा व रात्रीच्या दवाखान्याचा क्रमांक, आणि आपला फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करायचे त्याची परवानगी. त्याखाली ठळक अक्षरांत: कुत्र्यांच्या पिसवांचे फिप्रोनिलयुक्त औषध लावू नये, ते सशाला विषारी आहे. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे देऊ नये, आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून ससा दगावतो. भूल द्यायची वेळ आली तरी उपाशी ठेवू नये, सशाला उलटी होतच नाही. आणि कानाला धरून उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, कारण आधार नसताना त्याने झटका दिला तर पाठीचा कणा मोडू शकतो. मागचा भाग ओला किंवा घाण राहिला तर माश्या अंडी घालतात आणि दिवसाच्या आत अळ्या होतात. दमट, उष्ण दिवसांत तो भाग सकाळ-संध्याकाळ पाहिला जाईल ना, हे विचारून घ्यावे.

मोठ्या प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी एक रात्र ठेवून बघावे. त्या रात्री तो खात नसेल तर निदान दुसरी सोय करायला वेळ उरतो.

परत आणल्यावर त्याच काट्यावर वजन करावे. दोन किलोच्या सशाचे १०० ग्रॅम जरी घटले असतील तरी डॉक्टरांना विचारावे. पहिले २४ तास ट्रेवर घरच्यांनीही लक्ष ठेवावे, आणि कान व अंगावर खवले किंवा टक्कल दिसले तर घरातल्या इतर सशांपासून वेगळे ठेवून तपासून घ्यावे.

आपले,
ससे पाळणारे व सांभाळणारे काही वाचक