रविवारची श्रवणबैठक : सहारातली गिटार

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं आहे. या वेळी सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचं संगीत, मुख्यतः ‘तिनारिवेन’ हा बँड. मालीतून परागंदा झालेली ही मंडळी १९७९ च्या सुमारास अल्जीरियातल्या तामनरासेतला एकत्र आली. बँडचे संस्थापक इब्राहिम अग अल्हबीब यांची पहिली गिटार म्हणजे पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार! पुढे २०१२ साली बँडला ग्रॅमी मिळालं.

ऐकताना ‘तेंदे’कडे लक्ष ठेवा. उखळावर बकरीचं कातडं ताणून केलेलं हे वाद्य बायका वाजवतात. त्याचा ठेका इलेक्ट्रिक गिटारीखालीही चालूच असतो. उंटाच्या चालीसारखा, किंचित डुलणारा. मला तर सूर नंतर कळले, डुलणं आधी.

वेळ उरला तर मोरोक्कोचं ग्नावा संगीत, तीन तारांच्या गिंब्रीसह.

- ६.१० नंतर दार बंद. मागच्या वेळी निम्मा आलाप चपलांच्या आवाजात गेला.
- मोबाइल बंद. रेकॉर्डिंग नको.
- पाहुणा आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. खुर्च्या ३०च आहेत.
- बसकर असल्यास आणा.

चहा मध्यंतरात. गाणं चालू असताना कप वाजवू नयेत.

– कार्यवाह